शून्यावरचा रुपया

आमच्या भागात देण्याघेण्यात पुरा आकडा कुणी देत नाही. पन्नास द्यायचे तर एक्कावन्न, शंभर द्यायचे तर एकशे एक. आहेराचं पाकीट विकत घेतलं तर त्यावर रुपया आधीच चिकटवलेला असतो. शेवटाला शून्य आलं की देणं तिथंच संपलं, असं आई म्हणायची. वर रुपया ठेवला की नातं पुढं चालू राहतं. माझ्या सख्ख्या भावानं हा रिवाज अगदी काटेकोर पाळला. भाऊबिजेला त्यानं माझ्या तबकात शून्याची नोट घातली आणि वर रुपया ठेवला.

शून्याची नोट हे मी चिडून म्हणत नाही. चिडलेली आहेच, पण नोट खरोखरच शून्याची होती. युरोपात प्रवाशांसाठी अशा नोटा छापतात. कागद खऱ्या नोटेसारखा, उजेडात धरला की दिसणारी खूण, कोपऱ्यात नंबर, सगळं जिथल्या तिथं आणि किंमत शून्य युरो. एका बाजूला त्या गावात बघण्यासारखं जे काही असेल त्याचं चित्र. लोक त्या हौसेनं जमवतात, म्हणजे पैसे देऊन शून्य विकत घेतात आणि प्लॅस्टिकच्या पाकिटात जपून ठेवतात. माझ्या नोटेवर एका जुन्या कॅथलिक देवळाचं चित्र होतं. मधे घुमट, दोन्ही अंगांना मनोरे, पुढं रुंद पायऱ्या. देऊळ इटलीतलं, पण मी त्याला लहानपणापासून ओळखत होते आणि सगळा घोळ तिथंच झाला.

माझी आई पाचगणीला एका कॉन्व्हेंटच्या बोर्डिंगात आया होती. वडील लवकर गेले, त्यांच्याबद्दल सांगण्यासारखं काही नाही. आमचं गाव वाई आणि पाचगणीच्या मधे, घाटाच्या अंगाला. आई रोज पहाटे चालत वर जायची, श्रीमंतांच्या पोरींच्या वेण्या घालायची, त्यांची ओली अंथरुणं धुवायची आणि संध्याकाळी घरी येऊन आमच्या पाठीत धपाटे घालायची. दिवसभर परक्या पोरींशी गोड बोलून तिच्याजवळचं गोड संपलेलं असायचं. आमच्या वाट्याला उरलेलं यायचं.

बोर्डिंगच्या स्वयंपाकघरात एक कॅलेंडर टांगलेलं होतं, त्यावर हे देऊळ. मोठ्या सिस्टरनी तिला सांगितलं, ही बॅसिलिका. आईचं माहेर जतकडचं, कानडी मुलखाला लागून. तिच्या गावात बसलिंगाचं देऊळ होतं. तिनं ऐकलं तेही बसलिंगाच. घरी येऊन मला म्हणाली, "आपलाच हाय गं त्यो. गोऱ्यांच्यात जाऊन ऱ्हायलाय, एवडंच." माहेरचा देव भेटला म्हटल्यावर बाई कशाला थांबते? दुसऱ्या दिवशी घरून पुडीत हळदकुंकू नेलं आणि कॅलेंडरातल्या पायऱ्यांवर लावलं. सिस्टरनी पाहिलं. त्या रागावल्या नाहीत, नुसतं ओलं फडकं तिच्या हातात दिलं. पुसलं तसं कुंकू जायच्याऐवजी पायऱ्याभर पसरलं. डागाळलेलं कॅलेंडर भिंतीवर शोभेना, म्हणून वर्ष संपायच्या आतच त्यांनी ते आईला देऊन टाकलं.

आमच्या घरात ते कॅलेंडर भिंतीवर चढलं ते उतरलंच नाही. तारखा शिळ्या झाल्या, कागद पिवळा पडला, पण आई रोज पायऱ्यांना कुंकू लावून त्याच्यापुढं उदबत्ती फिरवायची. मी आणि माझा धाकटा भाऊ पायऱ्यांवरच्या लाल डागाकडं बघून खुसुखुसु हसायचो. पुढं मी शिकले, बॅसिलिका म्हणजे काय ते मला कळलं, तरी आईला मी कधी सांगितलं नाही. बसलिंगा हा शब्द आम्हा तिघांचा होता आणि बाहेरच्या कुणाला त्याचा पत्ता नव्हता.

आयाच्या पगारात आईनं एकच मोठं काम केलं. गावाच्या वरच्या अंगाला दहा गुंठे उताराची जमीन घेतली, तिच्यात स्ट्रॉबेरी लावली आणि कडेला एक खोली बांधली. चार माणसांदेखत ती म्हणायची, "ही दोगांची हाय. पोरगी भांडून आली तर तिला पडाय जागा पायजे." मी सांगलीजवळ माधवनगरला दिली गेलेली. तिथल्या शाळेत मराठी शिकवायची, घरी नवऱ्याचे चार यंत्रमाग. भांडण व्हायला कारण लागत नसे. पण त्या खोलीच्या जोरावर मी सासरी ताठ मानेनं राहिले. ही बाई उद्याची पहिली एसटी धरू शकते, एवढं नवऱ्याला ठाऊक होतं आणि तेवढ्यावर तो आवाज खाली आणायचा. त्या खोलीत मी जन्मात तीनदा-चारदा भांडून गेले असेन, पण ती आहे हे मला रोज उपयोगी पडलं.

मरायच्या आधी आई कॅलेंडरकडं बघून म्हणाली, "तितं कुनी गेलंच कवा, तर माज्या नावानं एक मेनबत्ती लावा." आम्ही दोघं रडता रडता हसलो. मुंबईला जायचं तर आम्ही दहादा विचार करणारे, इटलीला कोण जातंय?

भाऊ गेला. ठिबकच्या पाइपांचं त्याचं दुकान आहे. माल चांगला खपवला म्हणून कंपनीनं दुकानदारांना जोडीनं युरोप दाखवलं. निघायच्या आधी त्यानं मला गावांची यादी वाचून दाखवली, तिच्यात कॅलेंडरखाली छापलेलं त्या देवळाच्या गावाचं नाव आलं. मी फोनवरच ओरडले, "अरे, बसलिंगा! आईची मेणबत्ती लाव." तो म्हणाला, "लावतो की आक्का. ह्ये काय सांगाय लागतंय व्हय?"

त्या वेळी आमच्यात एक गाठ पडलेली होती, ती सांगायला हवी. भावाला आईच्या जमिनीत पर्यटकांसाठी तंबू टाकायचे होते. कर्जासाठी सातबाराचा उतारा एकट्याच्या नावावर पाहिजे होता, म्हणजे मी हक्कसोड करून द्यायची. आमच्याकडे बहिणी हक्कसोड करतात. सही केली की साडीचोळी मिळते आणि माहेर राहतं. नाही केली की जमीन राहते आणि माहेर तुटतं. मी वर्षभर सही देत नव्हते. मला पैसा नको होता, पीक नको होतं, ती खोली तेवढी हवी होती. चुलत्यांनी मला समजावलं, चुलत्यांच्या सुनांनी टोमणे मारले. "मास्तरीनबाईला पेन्शन हाय, तरी भावाच्या ताटात हात घालतीया," हे मी माझ्या कानांनी ऐकलं. मी म्हटलं, ऐकून घेऊ, पण सही नाही.

मग ती भाऊबीज आली. भावाच्या घरी भावकी जमली होती. मी त्याला पाटावर बसवलं, टिळा लावला, अक्षता टाकल्या, ओवाळलं. त्यानं खिशातून पाकीट काढलं, त्यातून ती नोट काढून तबकात ठेवली आणि वर रुपया ठेवला. बायका पुढं झुकल्या. परदेशी नोट, जांभळट रंगाची, त्यावर ते देऊळ. मी चित्र ओळखलं आणि माझ्या हातातलं तबक हललं. थोडं कुंकू कडेला सांडलं, नोटेवर मात्र पडलं नाही. आकडा मला दिसलाच नाही असं नाही. शून्य दिसलं, पण नाणं नेमकं त्याच्या अलीकडं बसलं होतं. मला वाटलं, रुपयाखाली पाच किंवा दहा असेल. ओवाळणी घालणाऱ्यासमोर उलटीपालटी करून बघायची नाही, ही आईची शिकवण. आयुष्यभर पोरांच्या पेपरवर भोपळे काढणारी मी, समोर आलेला भोपळा मला ओळखता आला नाही.

चुलतीनं विचारलंच, "किती व्हतील रं आपल्या पैशात?"

भाऊ हसून म्हणाला, "हिची किंमत करता येत न्हाई, काकी." सगळ्यांना वाटलं, काय बोलला! आता विचार केला की लक्षात येतं, तो एका अक्षरानंसुद्धा खोटं बोलला नव्हता.

मग तो माझ्या कानाशी आला आणि हळूच म्हणाला, "आक्का, बसलिंगाला आईची मेनबत्ती लावली बग."

तिथं मी संपले. तो शब्द त्यानं कितीतरी वर्षांनी उच्चारला होता. मला कॅलेंडर दिसलं, आईची उदबत्ती दिसली, आम्ही दोघं खुसुखुसु हसत होतो ते दिसलं. मी पदर तोंडाला लावून रडले. रडून झाल्यावर मीच म्हणाले, "ऑफिस उघडलं की वाईला जाऊ. सही करते." त्यानं मागितलीसुद्धा नव्हती.

वाईच्या रजिस्टर ऑफिसात माझा फोटो काढला, अंगठा घेतला, सह्या घेतल्या. कारकुनानं विचारलं, "बाई, राजीखुशीनं ना?" मी म्हटलं, राजीखुशीनं. वहिनीनं साडी दिली, तिला डांबरगोळ्यांचा वास होता, म्हणजे कुणाच्या तरी आहेरातली कपाटात पडून असलेली. मला त्याचंही काही वाटलं नाही. भावानं स्टँडवर मला खिडकीची जागा धरून दिली. बस सुटल्यावर आईचं देऊळ पुन्हा डोळे भरून पाहावं म्हणून मी पर्स उघडली, भाऊबिजेपासून रुपयासकट रुमालात ठेवलेली नोट काढली. रुपया बाजूला केला. त्याच्याखाली काही नव्हतं.

चष्मा पुसून पुन्हा पाहिलं. शून्य. उलटी केली, तिकडंही शून्य. शेजारच्या कॉलेजच्या पोरीला दाखवली, तिनं फोनवर शोधून सांगितलं, "आजी, ही शोभेची असते. बाहेर मशीनमध्ये पैसे टाकले की येते." एवढं सांगून ती पुन्हा फोन बघायला लागली. साताऱ्यापासून कराडपर्यंत मी नोट मांडीवर धरून बसले होते.

घरी नवऱ्याला दाखवली. माझा नवरा माणूस म्हणून वाईट नाही, पण हसायला लागला की त्याला थांबता येत नाही. "भोपळा!" तो म्हणाला. "मास्तरीणबाई, तुमच्या भावानं तुम्हाला पेपर तपासून दिला." पोरांचे तळतळाट लागले म्हणाला. मागावरच्या माणसांना बोलावून त्यानं नोट दाखवली. मला काय बोचलं ते सांगते. तो पहिल्यांदाच मोकळेपणी हसत होता. आता ही एसटी धरून कुठं जाणार नाही, हे मला कळायच्या आधी त्याला कळलं होतं.

मी भावाला फोन केला. तोही हसला. "चेष्टा केली गं आक्का. आटवन म्हनून आनली. पैशाची नोट तुला काय, कवाबी दिली असती." मग आवाज हळवा करून म्हणाला, "मेनबत्ती तर लावली ना? त्ये बग की." खरंच, मेणबत्ती लावली होती. आईची एक इच्छा पुरी झाली, त्यापुढं नोटेचं काय घेऊन बसायचं? मी नोट देव्हाऱ्यात ठेवली आणि रुपया कुंकवाच्या करंड्यात. रोज पूजा करताना स्वतःला सांगायची, मेणबत्ती लागली आहे.

मे महिन्यात मी माहेरी गेले. उतारावर आठ तंबू उभे होते. स्ट्रॉबेरीच्या चार सऱ्या दारात शोभेला ठेवलेल्या, पुण्यामुंबईचे लोक त्यांच्यात उकिडवे बसून फोटो काढत होते. आईच्या खोलीला पांढरा रंग देऊन तिचं ऑफिस केलेलं. भिंतीवर कॅलेंडर नव्हतं. वहिनीला विचारलं तर म्हणाली, "आवं वन्सं, त्ये रद्दीत गेलं की. केवडं घाण झालं हुतं." रात्री झोपायचं कुठं, हा प्रश्न आला. घरात पाव्हणे, तंबू भरलेले. भाऊ खरोखर विचार करून म्हणाला, "तू आदी फोन केला अस्तास तर तुला सवलतीत दिला अस्ता एक." सवलतीत! मी संध्याकाळच्या बसनं परत फिरले. घरी नवऱ्यानं, लवकर आलीस, एवढंच विचारलं आणि ताटात माझी भाकरी आधीच काढून ठेवलेली होती.

दिवाळीच्या तोंडावर वहिनीचा फोन आला. या बाईचं तोंड वाहत्या नळासारखं आहे, त्यामुळं तिच्याबद्दल मला राग नाही. तिच्याकडून निदान खरं तरी कळतं. तंबूत उतरलेल्या एका पुणेकराला असल्या नोटा जमवायचा नाद होता. भावाच्या फोनमध्ये त्यानं नोटेचा फोटो पाहिला. त्या नंबरात काहीतरी विशेष होतं म्हणे. तो चांगले पैसे द्यायला तयार होता.

"ती नोट हाय नव्हं वो तुमच्याकडं? भाऊबिजेला येताना घिऊन या. घडी घालू नका, आन् कुंकवाबिंकवाचा डाग पडू देऊ नका. डाग पडला की बाद व्हती म्हनं."

मी म्हटलं, "ओवाळणी परत मागतात का कुठं?"

"आवं, तुमाला तिचा काय उपेग? ह्यांनी तर तवाच म्हनलं हुतं, आक्काला ह्येच द्यावं, सस्तात मस्त." आणि ती हसली. मग तिला युरोप आठवलं. "लय ऊन हुतं बगा त्या दिवशी. देवळात जायला ही रांग! आत कोन जातंय? ह्यांनी मशीनमदनं नोट काडली, आमी पायऱ्यांवर बसून कुल्फी खाल्ली आन् बसमदी जाऊन बसलो."

मी विचारलं, "आत गेलाच नाही तुम्ही?"

"न्हाई वो. भायेरनंच दिसतंय की सगळं."

मी फोन ठेवला. रडू आलं नाही. मी माझ्या भावाचा द्वेष केला, अगदी शांतपणे, देव्हाऱ्यासमोर बसून. नोटेनं मी फसले नव्हते. शून्य तर छापून दिलेलं होतं, मला वाचता आलं नाही हा माझा गाढवपणा. पण आईचा शब्द आणि आईची मेणबत्ती वापरून त्यानं माझ्याकडून आईची खोली काढून घेतली होती.

भाऊबिजेला मी गेले. नोट घडी न घालता, वहीच्या दोन पुठ्ठ्यांमधे ठेवून नेली. अंगणात भावकी होती, खुर्चीवर तो पुणेकर बसला होता, गोरा, सभ्य, हातात प्लॅस्टिकचं पाकीट तयार धरलेलं. भाऊ पाटावर बसला. टिळा लावायच्या आधीच म्हणाला, "आनलीस न्हवं?"

मी नोट काढून तबकात ठेवली. पुणेकर उठून उभा राहिला.

मी म्हटलं, "आधी एक सांग. तू आत गेला होतास का रं?"

"कुटं?"

"बसलिंगाला."

त्यानं वहिनीकडं पाहिलं. वहिनी पदर सावरायला लागली. सगळे ऐकत होते आणि माझ्या भावाला लाज वाटण्याऐवजी राग आला. तो म्हणाला, "लय रांग हुती. आन् काय फरक पडतूय गं? मेलेल्या मानसाला कळतंय व्हय, लावली का न्हाई? तुज्यासारख्या शिकलेलीला वरीसभर कळलं न्हाई, तर आईला काय कळतंय?"

कुणीतरी हसलं. कुणीतरी म्हणजे चुलती. मग आणखी दोघंतिघं हसले, कारण बोलला तर तो मुद्द्याचं होता.

मी तबकातल्या कुंकवात पाण्याचे दोन थेंब टाकले, बोटानं कालवलं आणि नोटेवरच्या देवळाच्या पायऱ्यांना लावलं. आई लावायची तसंच, डावीकडून उजवीकडं. नंतर त्याच बोटानं त्याला टिळा लावला.

पुणेकर "अहो, अहो" करत पुढं आला. नोट उचलून उजेडात धरली. कुंकू कागदात उतरलं होतं. अतिशय सौजन्यानं तो म्हणाला, "डाग पडला हो. आता हिला काही किंमत नाही."

"आधीही नव्हती," मी म्हटलं.

त्यानं नोट परत तबकात ठेवली, बोट रुमालाला पुसलं आणि तो तंबूकडं निघून गेला. भाऊ पाटावरून उठला. टिळा त्याच्या कपाळावरून नाकाकडं ओघळत होता, पण पुसायचं त्याला सुचलं नाही. तो मोठ्यानं बोलला नाही, हे मला सांगितलं पाहिजे. वाईट बोलताना माझा भाऊ कधीच आवाज चढवत नाही, हे त्यानं आईकडून घेतलं आहे.

"आक्का," तो म्हणाला, "आता ह्या दारात पुन्यांदा येऊ नगंस."

मी तबकातलं निरांजन फुंकर न मारता हातानं वारा घालून शांत केलं. ओवाळून झालं नव्हतं आणि तबकात ओवाळणी पडली नव्हती. नोट त्याच्या पाटावर ठेवली. वहिनी मागं येऊन कुजबुजली, "आवं वन्सं, असं कुनी करतं व्हय? च्या तरी घ्या." मी चहा घेतला नाही. वाईच्या स्टँडवर बस लागलेली नव्हती, बाकावर बसून राहिले. तिथं आणखी दोन बायका माहेरहून परतत होत्या, मांडीवर नव्या साड्यांच्या पिशव्या. एकीनं विचारलं, "काय घातलं भावानं?" मी म्हटलं, "गेल्या वर्षीचंच अजून संपलं नाही."

घरी आल्यावर करंडा उघडला. रुपया कुंकवात बुडालेला होता. तो मी धुतला आणि कोपऱ्यावरच्या दुकानात गेले.

"मेणबत्ती द्या."

"केवढी?"

"रुपयाची."

दुकानदार माझाच विद्यार्थी, चौथीत मी त्याला भोपळे दिलेले. तो दात काढून म्हणाला, "बाई, रुपयाला आता काय येतंय? सगळ्यात बारकी पाच रुपयाला." मी पर्समधून चार रुपये काढून त्या रुपयाला जोडले.

मेणबत्ती मी ओट्यावर लावली. समोर ना कॅलेंडर होतं, ना नोट. पांढऱ्या फरश्या होत्या आणि त्यांच्यावर तिचा उजेड हलत होता. नवरा मागावरून जेवायला आला, दारातच थबकून म्हणाला, "लाइट तर आहे की. हे काय?"

"आईची आहे," मी म्हटलं. या वेळी तो हसला नाही. बोटाएवढी मेणबत्ती, त्याचं जेवण होईपर्यंत संपलीसुद्धा. ओट्यावर मेणाचा डाग राहिला आहे, तो मी काढलेला नाही. त्या मेणबत्तीत चार रुपये माझे होते आणि एक माझ्या भावाचा. तो त्याचा हिस्सा आहे. त्याची मी त्याच्याकडून हक्कसोड करून घेतली नाही.